व्हेनिसमध्ये तीन नंबर कोण बोललं?

या साइटवरचे असे गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबरची करमणूक म्हणूनच वाचत आले. माझं पोट डेटावर चालतं, त्यामुळे कोणी "मला जाणवलं" म्हटलं की मी लगेच "किती जणांना?" असं विचारणारी बाई. पण त्याचं उत्तर "चौघांना" असं आलं आणि त्या चौघांत मीही होते... तर काय करायचं, हे चार वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. म्हणून लिहितेय.

गोष्ट २००४च्या थँक्सगिव्हिंगची. तेव्हा आम्ही सगळे न्यू जर्सीत, पार्सिपनीला एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. मी आणि माझा नवरा समीर, वरच्या मजल्यावर मंदार-अनघा, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये नागपूरचा विन्या. तो तिथे फक्त झोपायचा, जेवायला आमच्याकडे नाहीतर मंदारकडे. कोणालाच मुलं नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी खिचडी टाकायची आणि कार्पेटवर नकाशा पसरून बसायचं... काय दिवस होते ते!

समीर आणि मंदार पुण्यातले जुने ट्रेकर. किल्ल्यावर जाताना त्यांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला नंबर असायचा. लीडर "काउंट!" ओरडला की आपापला नंबर ओरडायचा, म्हणजे कोण मागे राहिलं ते लगेच कळतं. ही खोड त्यांनी अमेरिकेतही सोडली नाही. डोंगरावर ठीक आहे, पण मॉलच्या पार्किंगमध्येसुद्धा! समीर एक, मी दोन, मंदार तीन, अनघा चार, विन्या पाच. आम्ही पटकन बोलून मोकळे व्हायचो. मंदार मात्र जरा उशिराने, आत्ताच झोपेतून उठल्यासारखा "तीऽऽन" म्हणायचा. अनघा दर वेळी वैतागायची, कारण तिचा नंबर त्याच्यानंतर.

व्हेनिसची टूम मंदारचीच. सहा महिने त्याने एक्सेल शीट बनवलं होतं — कुठे राहायचं, कुठल्या पुलावरून सूर्यास्त बघायचा, सगळं. आणि निघायला तीन आठवडे असताना त्याचा जॉब गेला. नवीन कंपनीने एच-वन व्हिसाचे कागद फाइल केले, पण ते हातात येईपर्यंत देश सोडायचा नाही, असं वकिलाने बजावलं. अनघाचा स्वतःचा एच-वन होता, त्यामुळे तिला अडचण नव्हती. मंदारने तिला जवळजवळ ढकलूनच पाठवलं. "तू जा गं. दोघांनी घरात बसून काय करायचंय?"

नूअर्क एअरपोर्टवर विन्या सहज म्हणाला, "आता नंबर बदलून टाकू ना यार. अनघा तीन, मी चार."

"माझा नंबर चारच आहे," अनघा म्हणाली, आणि इतकं तोडून म्हणाली की विन्याने विषयच सोडला. मग आम्ही व्हेनिसभर "एक, दोन, चार, पाच" असंच मोजत फिरलो.

व्हेनिस सुंदर होतं. फोटोत दिसतं तसंच, फक्त जास्त ओलं! समीर आणि विन्या लहान पोरांसारखे प्रत्येक पुलावर चढून फोटो काढत होते. अनघा मात्र गप्प. शुक्रवारी सकाळी हे दोघं पाव आणायला गेले, तेव्हा हॉटेलच्या खोलीत ती मला म्हणाली, "मी रविवारी तुमच्याबरोबर येत नाहीये. उद्याचं इथूनच मुंबईचं तिकीट काढलंय. आईकडे जाणार, पुण्याला."

"किती दिवस?"

"परत यायचं तिकीट नाही काढलं."

 ती पुढे म्हणाली, "जॉब गेल्यापासून तो माझ्याशी धड बोललेला नाही. मी विचारलं, मी थांबू का? तर म्हणाला, जा. त्याला मी समोर नकोच आहे गं. मीच बोलायचं, मीच उत्तर द्यायचं... कंटाळले मी." मग कोणाला सांगणार नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली. समीरलासुद्धा नाही.

त्याच दुपारी चारच्या सुमाराला धुकं उतरलं. आम्ही एका चिंचोळ्या गल्लीत होतो, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कालवा. पुढे समीर, मग मी, माझ्यामागे अनघा, शेवटी हॅंडीकॅम घेतलेला विन्या. पाच पावलांपुढचं दिसेना. समीर ओरडला, "काउंट! एक!"

"दोन," मी म्हटलं.

"तीऽऽन."

"चार."

"पाच."

आणि आम्ही चालत राहिलो. हो, चालत राहिलो! इतकं सवयीचं होतं ते. दहा-बारा पावलांनी अनघाने मागून माझी बाही धरली.

"तीन कोण बोललं?"

समीर वळला. विन्याचा चेहरा पांढराफटक. "मी नाही बा. देवाशप्पथ. मला वाटलं समीर बोलला."

समीर माझ्या पुढे होता. आवाज माझ्या मागून आला होता, अनघाच्या पुढून. आमच्या दोघींमध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर होतं आणि तिथे कोणीच नव्हतं. शेजारी एक दार नाही, खिडकी नाही. आणि तो उशीर, ते लांबवणं... नक्कल करायची म्हटली तरी आमच्यातल्या कोणाला जमली नसती.

आमच्या सगळ्यांच्या मनात एकच आलं आणि कोणीही ते बोललं नाही. पहिला फोन बूथ दिसल्यावर अनघा आत धावली. कॉलिंग कार्डाचे आकडे तिच्याकडून दोनदा चुकले. मी दार धरून उभी होते, मला तिचीच बाजू ऐकू येत होती.

"हॅलो... मंदार? बरा आहेस ना तू?... झोपला होतास? दहा वाजलेत तिकडे... रात्रभर रेझ्युमे पाठवत बसलास?... नाही, काही नाही झालं. धुकं आहे... तू आत्ता काही बोललास का?... असंच."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. महिनाभर न बोललेला माणूस तिकडे काय बोलत होता, ते मी कधी विचारलं नाही. शेवटी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "फ्रीजमध्ये आमटी आहे, ती संपव. रविवारी येतेय मी. एअरपोर्टला ये."

मला तिथे गल्लीतच रडू आलं. समीरला वाटलं मी घाबरले.

पार्सिपनीला परतल्यावर विन्याने टेप लावली. टेपवर समीरचा "एक" आहे, माझा "दोन" आहे, मग काहीच नाही, आणि मग अनघाचा "चार". मंदार पोट धरून हसला. "धुक्यात भूत दिसतं, तुम्हाला काय मीच ऐकू आलो?" आता ॲनालिस्ट म्हणून मीही म्हणेन की चौघांनाही त्याची सवय होती, चौघांनाही भास झाला. पण बाकीच्या दिवसांच्या टेप मी पाहिल्यात. त्यात दोनला लागून चार येतो. त्या दुपारी मात्र मध्ये चांगली लांबलचक जागा आहे. अनघा कोणाचं ऐकायला थांबली होती? मला माहीत नाही. चौघांना एकदम, एकाच जागेवरून, एकच भास कसा होतो, तेही माहीत नाही.

आता ती टोळी उरली नाही. विन्या रेडमंडला पावसात बसलाय, मंदार-अनघा ॲन आर्बरला असतात, त्यांची लेक दोन वर्षांची आहे. आम्ही दोघंच अजून इथे. शुक्रवारी खिचडी टाकली तर उरते.

हे लिहू का, असं विचारायला मी गेल्या रविवारी अनघाला फोन केला. म्हटलं, नावं बदलते, तिकिटाचा भाग गाळते. मंदारला त्या तिकिटाबद्दल अजूनही माहीत नाही.

 ती म्हणाली, "गाळू नकोस. नावंही राहू दे. तो त्या साइटवरचं सगळं वाचतो. चार वर्षांत मला तोंडाने सांगता आलं नाही, तू लिही."

तेव्हा मंदार, हे वाचून मला फोन करू नकोस. आधी घरात जा आणि तिच्याशी बोल.