पिवळ्या कुंचल्याचा दोरा

३ मार्च १९६८. रागमाला रंगवणाऱ्या त्या कारखान्यात त्या सकाळी माणसे सात होती. वर्षअखेरीस सहा उरली.

सातांपैकी दोघी सख्ख्या बहिणी. प्रत्येक रागाला माणसाचे रूप द्यायचे, हे तिथले काम. थोरली रेघा ओढी, धाकटी रंग भरी. आई लवकर गेल्यामुळे धाकटीला चालायला, लिहायला आणि कुंचला धरायलाही थोरलीनेच शिकवले होते. खारीच्या केसांचा कुंचला ओठांत फिरवला की त्याला सुईसारखे टोक येते, हे तिथले पहिले शिक्षण. पिवळा रंग तेवढा अपवाद. तो हरताळ या खनिजाचा, आणि हरताळात सोमलाचे विष असते. म्हणून पिवळ्या कुंचल्याच्या दांडीला काळा दोरा बांधलेला असे. दोरा दिसला की टोक नखावर आणायचे, ओठाला लावायचे नाही.

वीणा वाजवणारी स्त्री आणि भोवती ऐकत उभी हरणे, अशी तोडी रागिणी दोघींनी दोनशे वेळा रंगवली असेल. ऐकली एकदाही नव्हती.

"ताई, हरणांनासुद्धा फुकट ऐकायला मिळतं गं. आपण काय हरणांहून गेलेल्या?"

"तू शेपूट भर आधी. तिसरं हरिण बांडं राहिलंय."

त्या महिन्यात वसंत रागाच्या चित्रांची मागणी आली. नाचणाऱ्या नायकाच्या पिवळ्या वस्त्राच्या चुण्या केसाएवढ्या बारीक हव्या होत्या. नखावर आणलेल्या टोकाची रेघ जाड पडे. मालकांनी तीन कागद परत केले.

"ताई, नखावर टोक येतच नाही बघ."

थोरलीने मान वर केली नाही. "मग ओठाने आण आणि लगेच थुंकून टाक. एवढ्याशा रंगाने काय होतंय?"

चौथा कागद पसंत पडला. मागणी सहा महिने चालली आणि तेवढे महिने रेघ तशीच निघत राहिली.

आधी धाकटीचे तळवे राठ झाले, मग बोटे बधिर. "हात माझेच आहेत की कुणाचे उसने आणलेत, कळेना," असे म्हणून ती हसे. डॉक्टरांनी कामाची चौकशी केली, तेव्हा थोरलीच्या तोंडचे पाणी पळाले. नोव्हेंबरात धाकटीला उठून बसता येईना.

"ताई, मालकांना एवढंच सांग. दोरा मी विसरले नव्हते."

"सांगते गं."

ती गेल्यावर मालकांनी लिहून तयार ठेवलेला कागद पुढे केला: कामगाराने निष्काळजीपणे नियम मोडला. थोरली म्हणाली, "तिला नियम पाठ होता."

"मग मोडायला कुणी सांगितलं, तेही लिहू का? बघा बाई, तुम्हीच ठरवा."

तशी रेघ मालकांना हवी होती आणि तिची वाट थोरलीने दाखवली होती. हे दोघांनाही ठाऊक होते. दोघांच्या दोषाला पुरेल एवढी जागा त्या कागदावर होती. पण तिथे नाव आले ते उत्तर देऊ न शकणारीचे. थोरलीने सही केली.

त्यानंतर एकोणीस वर्षे ती त्याच खोलीत रेघा ओढत होती. धाकटीच्या जागेवर तिने कोणालाही बसू दिले नाही. सगळे तिला मानी समजत. मालक वारले, कारखाना मुलाकडे आला. त्या कागदाविषयी ती कोणाशीही बोलली नाही.

कागद आजही कारखान्याच्या दप्तरात आहे. त्यात दुरुस्ती झालेली नाही. धाकटीला दिलेला शब्द मालकांच्या कानावर गेला, पण कागदावर आलेला नाही.