चार घमेली कोळसा

ब्लॉग वगैरे नव्हते तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं. मी पुण्यात एका संस्थेत नोकरीला होतो. मोठ्या इमारती कोळसा, डिझेल, वीज किती खातात आणि त्यातून हवा तापवणारा वायू किती निघतो, याच्या नोंदी घ्यायला कोणीतरी खानदेशात जायचं होतं. डिसेंबरात आठवडाभर घर सोडायला कोणी तयार होईना. मी लगेच हो म्हटलं. आई गेल्यापासून घरात मी एकटाच होतो. एकटंच राहायचं तर निदान नव्या गावात राहावं, असा हिशेब.

सकाळची एसटी धरली. औरंगाबादपर्यंत रस्ता बरा, पुढे हाडं खिळखिळी झाली. अजिंठ्याचा घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना कपाशीच कपाशी. जळगावात स्टँडजवळच्या लॉजवर खोली मिळाली; स्वस्त, स्वच्छ, पण गरम पाणी नाही. हिवाळ्यात जाणार असाल तर आधी विचारून घ्या.

दोन दिवस जळगावात गेले. एक थिएटर, एक वसतिगृह, दोन कचेऱ्या. मीटरचे आकडे उतरवायचे, जनरेटरला डिझेल किती लागतं ते विचारायचं. थिएटरच्या वॉचमनने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "धूर मोजायचा पगार भेटतो? मग आमच्याकडं बी एक जागा बघा." दुपारी एका खाणावळीत भरीत खाल्लं. वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. जळगावला जाऊन हे न खाता परतू नका. पैसेही फार पडत नाहीत.

संध्याकाळ मात्र जाता जाईना. लॉजखाली एसटीडी बूथ होता. सगळे घरी फोन करत होते, म्हणून मीही रांगेत उभा राहिलो आणि स्वतःच्याच घरचा नंबर फिरवला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. बूथवाला म्हणाला, "कोणी उचलत नाही." मी म्हटलं, "बाहेर गेले असतील."

तिसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळं गाठलं. तिथे एका मोठ्या खासगी दवाखान्याचं बॉयलर बघायचं होतं. बॉयलर सांभाळणारे नाना साठीच्या आसपासचे. कोळशाचं घमेलं आत टाकलं की ते भिंतीवर खडूची एक रेघ ओढत. रोजच्या रेघांच्या वर चार रेघा वेगळ्या दिसल्या. दवाखान्याच्या रजिस्टरात त्या नव्हत्या. मला वाटलं, कोळसा बाहेर जातोय. "या कशाच्या?" मी जरा कडकच विचारलं.

"सकायन्या शेतस. पाच वाजता या, दखी ल्या."

त्या रेघा सकाळच्या होत्या तर; पहाटे पाचला गेलो. नानांनी वाफेची नळी अंगणातल्या टाकीत सोडली होती. पेशंटचे नातेवाईक बादल्या घेऊन उभे होते; आठ-आठ दिवस व्हरांड्यात झोपणारी माणसं. चोपड्याकडची एक बाई पुढे होती. मला विचारू लागली, "आठे तुमनं कोन शे?"

"कोणी नाही."

"मंग एकलाच?" तिने आपली भरलेली बादली माझ्यापुढे सरकवली. "हाई ल्या. मी मांगून भरी लेसू."

चार दिवसांनी गरम पाणी अंगावर घेतलं. मला रडू आलं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

निघताना नाना एवढंच म्हणाले, "खरं लिखा भाऊ. पन कोयसा फुकट जास असं नका लिखू."

पुण्याला परतल्यावर फॉर्म पुढे घेतला. रकाने दोनच होते: 'आवश्यक' आणि 'टाळता येण्याजोगा'. दवाखान्याचं धुण्या-उकळण्याचं काम सातला सुरू होई, बॉयलर पाचला पेटे. नियम नियमच, असं मनाला बजावलं आणि चार घमेली दुसऱ्या रकान्यात टाकली. साहेबांनी पाठ थोपटली.

पुढच्या हिवाळ्यात फेरतपासणीसाठी पुन्हा त्याच वाटेने धुळ्याला गेलो. पहाटे पाचला बॉयलर थंड होतं. कागदावर बचत झाली होती. अंगणात मात्र दहा-बारा चुली पेटल्या होत्या. तीन विटांवर पत्र्याचे डबे, खाली पऱ्हाट्या, पुठ्ठे, सायकलचे फाटके टायर. खोकत खोकत माणसं पाणी तापवत होती. धूर वॉर्डाच्या खिडक्यांतून आत चालला होता.

नाना पायरीवर बसून होते. रागावले नाहीत. धुराकडे हात करून म्हणाले, "आते हाऊ बठ्ठा धूर कोनता खानामा लिखशात, भाऊ?"

या सगळ्या धुराला माझ्या फॉर्मात रकानाच नव्हता; मी वही काढली आणि चुली मोजू लागलो.

घरी येऊन पुरवणी अहवाल लिहिला, त्या चुली धरून. वर पाठवला, दोनदा आठवणही करून दिली. उत्तर आलं नाही. तुम्ही धुळ्याला जाल तेव्हा रस्ते चांगले झालेले असतील, लॉजवर गिझरही असेल. मला मात्र त्या प्रवासातला तो फॉर्मच आठवतो. मी टाळता येण्याजोगी ठरवलेल्या त्या चार घमेल्यांत माझीही एक बादली होती.