कपाटातला डबा

तुमच्या ऑफिसात दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावतात, तरी कुणीतरी आत शिरलंच, हे वाचून मला खामगावच्या शाळेतलं आमचं लाकडी कपाट आठवलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका माझ्या ताब्यात होत्या. मी शिस्तीची! कपाटाला दोन कुलपं लावली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मुख्याध्यापिकांकडे. दोघी असल्याशिवाय कपाट उघडणार नाही, अशी नोटीसही वर चिकटवली.

गणिताच्या पेपराच्या सकाळी मुख्याध्यापिकांची बस चुकली. त्या लग्नाला जळगाव जामोदला गेल्या होत्या आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. मुली वर्गात बसलेल्या, घंटेला दहा मिनिटं उरलेली, आणि मी कुलपाकडे बघत उभी.

तेवढ्यात आमचे म्हातारे शिपाईकाका आले.

"काऊन घाबरता बाई? बिजागऱ्या त बाहेरच हायेत."

त्यांनी खिशातून पेचकस काढला, स्क्रू सोडवले आणि दार कुलपांसकट भिंतीला टेकवलं.

"काका, इतका हात कसा बसला तुमचा?"

"रोजचंच हाय. माहा डबा यातच ठेवतो मी. मांजरीले सापडत नाही."

गठ्ठ्यांमागे खरंच डबा होता. पाकिटांवरची लाख मात्र शाबूत होती. पेपर वेळेवर सुरू झाला.

दुपारी मी नोटीस गुपचूप काढली. पुढच्या वर्षी नवं कपाट घ्यायला निघाले, तेव्हा काकांनाच सोबत नेलं. तुमच्याकडेही नवी व्यवस्था बसवण्याआधी, कोण कुठे डबा ठेवतो, तेवढं विचारून घ्या.