जुन्या मापाचं रक्त

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या टेलरला सगळेच मास्तर म्हणत. दर सहा महिन्यांनी ते ज्या संशोधन केंद्रात रक्त द्यायला जात, तिथल्या डॉक्टरबाईही मास्तरच म्हणू लागल्या होत्या. एचआयव्हीची लागण होऊन त्यांना पंधराएक वर्षं झाली होती. त्यातली पहिली कितीतरी औषधाविना गेली, तरी माणूस मशीनवर बसत होता. त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे शरीरानं विषाणू अडवायला घडवलेली हत्यारं, अपवादात्मक निघाली. प्रयोगशाळेत शंभर अनोळखी लोकांचे विषाणू या प्रतिपिंडांसमोर ठेवले, तर ऐंशी जागच्या जागी थांबले.

"आणि माझा?" मास्तरांनी विचारलं होतं.

"तो नाही थांबत," बाई म्हणाल्या. "प्रतिपिंडं त्याला ओळखेपर्यंत त्यानं रूप बदललेलं असतं. शरीर नवी बनवतं, तो पुन्हा बदलतो. वर्षानुवर्षं ही पाठशिवणी चालली, म्हणून तर ती इतकी मुरली."

"माप घेऊन शर्ट शिवेपर्यंत पोर वाढलेलं."

"अगदी तसंच."

घरी बायको शर्टांना काजं-बटणं करत बसे. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माणसासारखंच रक्त."

तिला ही लागण मास्तरांकडूनच झाली होती. सहा वर्षांपूर्वी ताप हटेना म्हणून तपासलं, तेव्हा कळलं. गोळ्या तिच्या पोटात टिकत नसत. उलट्या, मग खाडे, मग विषाणू गोळ्यांना सरावला. दोनदा औषधं बदलली. आता तिसरीही लागू पडेनात. तिचा ब्लाउज तिसऱ्यांदा आत घेताना मास्तरांच्या डोक्यात आलं: ऐंशी परके थांबतात, तर घरचं माणूस का नाही वाचणार?

बाईंनी आशा लावली नाही. "आधी तिचा विषाणू तुमच्या रक्तासमोर ठेवून बघू," म्हणाल्या.

तो महिना मास्तरांनी बोटावर मोजून काढला. त्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. बारा वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी त्यांचं रक्त तपासलं होतं. तो रिपोर्ट त्यांनी कटिंगच्या कागदांखाली सरकवला आणि तोंडाला कुलूप लावलं. तब्येत ठणठणीत होती. पुढे बायकोबरोबर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तिच्याइतकाच धक्का बसल्यासारखा चेहरा त्यांनी केला. मनाची समजूत एकच होती: जे व्हायचं ते रिपोर्टच्या आधीच झालं असणार. बोलून काय झालं असतं?

निकाल ऐकायला ते एकटेच गेले.

"नाही थांबत, मास्तर," बाई म्हणाल्या. "सुरुवातीला तिच्याकडे गेला असता, तर तो जुन्या रूपातला असता. तुमच्या आजच्या रक्तानं अडवला असता. पण तो गेलाय उशिरा, आमच्या अंदाजानं आठएक वर्षांपूर्वी. तोवर तुमची प्रतिपिंडं चुकवायला शिकला होता."

मास्तरांनी बोटांवर आठ वर्षं मागे मोजली.

"स्वतःला बोल लावू नका," बाई समजुतीनं म्हणाल्या. "तेव्हा तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

मास्तर घरी आले. बायको खाटेवर टेकून बटणं लावत होती.

"काय म्हणाल्या?"

"लागू पडत नाही म्हणाल्या."

"का पण?"

तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण ती बघत राहिली, आणि त्यांनी बाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, आठ वर्षांसकट.

"म्हणजे हर्नियानंतर," ती म्हणाली. तिच्या सगळ्या तारखा अशाच असत: ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशननंतर. मग सुई धरलेला हात थांबला. "ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात ना हो?"

"तपासतात."

"तुमचं तपासलं होतं?"

"हो."

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाली, "तेव्हा मी अठ्ठावन्न किलो होते."

त्यानंतर ती पाच महिने होती. मास्तरांशी बोलायची. पाणी द्या, खिडकी लावा, पांढरा दोरा संपलाय. अहो म्हणायचं मात्र तिनं सोडलं होतं.

मास्तर अजून दर सहा महिन्यांनी जातात. बाही वर करतात. बाईंनी कौतुकाचं काही सांगायला सुरुवात केली, की म्हणतात, "बाई, रक्त घ्या आणि मोकळं करा."