चालण्याच्या दांड्या

बाबांच्या पायांना चोळायचो त्या महानारायण तेलाचा वास आला की मी अजूनही बेचैन होते. चाळीसेक वर्षांपूर्वी, रत्नागिरीत, लकव्याने अंथरुणाला खिळलेले बाबा गेले आणि दोन्ही बाजूंना धरून चालण्यासाठी आणलेल्या त्यांच्या लोखंडी दांड्या आईने विकायला काढल्या. खेडहून एक बाई आजारी नवऱ्यासाठी त्या न्यायला आल्या. पडवीत मी विक्रीचा कागद लिहीत होते, 'दांड्या जुन्या, पण मजबूत', आणि कधी एकदा हे संपतंय असं झालं होतं. गार लोखंडावरून हात फिरवत बाई म्हणाल्या, "तुजे बाबा ह्येना धरून चालले काय गो?" बाबांनी एक पाऊलही टाकलं नव्हतं. दारातून आई माझ्याकडे बघत होती. "चालले," मी म्हटलं, "अगदी पायरीपर्यंत." बाईंचा चेहरा उजळला. माझ्याकडच्या कागदाच्या नकलेवर त्यांचा पत्ता आहे. नवरा चालला का, हे विचारणारं पत्र मात्र मी कधीच टाकलं नाही.