वळणावरचा अर्धा नमस्कार

हे मी लिहावं की नाही, इथूनच माझी अडचण सुरू होते. मी डॉक्टर नाही. गाडी चालवण्यातही माझा हात काही खास नाही, नाहीतर ही वेळच आली नसती. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मीच पहिला. परीक्षेच्या पेपराखेरीज एवढं सलग मी कधी लिहिलेलं नाही. काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. पण बेळगुंदी, उचगावकडून रोज बेळगावला कॉलेजला, कामाला गाडीवरून जाणारी माझ्यासारखी पुष्कळ पोरं आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

"अंगठा वर उचल," डॉक्टर म्हणाले.

मी उचलला. म्हणजे मला वाटलं, उचलला. डाव्या पायाचा अंगठा होता तसाच पडून राहिला. मग त्यांनी अख्खं पाऊल वर घ्यायला सांगितलं. तेही हललं नाही. पावलाच्या वरच्या बाजूला त्यांनी पिन टोचली, ती मला कळली नाही. खाटेच्या पायथ्याशी आई उभी होती. मी आळस करतोय असं वाटून ती म्हणाली, "उचल की रं."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे बारीक हाड असतं, त्याची मान मोडली होती. ते हाड जुळेल, त्याची काळजी नाही, असं ते म्हणाले. काळजी होती ती त्या हाडाला वळसा घालून जाणाऱ्या नसेची. तिला कॉमन पेरोनिअल नर्व्ह म्हणतात. ती कातडीच्या लगेच खाली असते आणि पाऊल वर उचलण्याचा निरोप तीच नेते. निरोप पोचत नसेल तर पाऊल लोंबतं. त्याला फूट ड्रॉप म्हणतात.

"परत येईल का?" मी विचारलं.

"नस दबली असेल तर येईल. तुटली असेल तर आपोआप येणार नाही. आज सांगता येत नाही. वाट बघायची."

त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष त्या एका अंगठ्यावर लागून राहिलं.

नंतर डॉक्टरांनी विचारलं, पडलास कसा? मी खरं ते सांगितलं. आमच्या गावात शिरताना उजवीकडं एक वळण आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, डाव्या हाताला, वडाखाली म्हसोबा आहे. तिथून जाताना आम्ही सगळेच उजवा हात हँडलवरून काढतो, छातीला लावतो, ओठाला लावतो आणि मान झुकवतो. लहानपणी वडिलांच्या मागं बसायचो तेव्हापासूनची सवय. त्या दिवशी कॉलेजातून येताना थोडा वेगात होतो. हात छातीला लावला, म्हसोबाकडं बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं बघेपर्यंत गाडी डांबर सोडून खडीवर गेली होती. घाबरून ब्रेक दाबला. गाडी डावीकडं गटारीत पडली आणि माझा पाय खाली आला.

डॉक्टर हसले नाहीत. ते स्वतः रविवारी मोठी मोटरसायकल घेऊन चोर्ला घाटात जाणारे. म्हणाले, "वळणावर नजर जाते तिकडं गाडी जाते. तू म्हसोबाकडं बघितलंस, गाडी म्हसोबाकडं गेली. त्यात अ‍ॅक्सिलरेटरचा हातही काढलास. नमस्कार कर, पण वळणाच्या आधी कर, नाहीतर वळण संपल्यावर कर."

आईला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, नमस्कार अर्धा राहिला म्हणून असं झालं. ती नारळ घेऊन जाऊन आली.

घरी आल्यावर बघायला माणसं यायची. गल्लीतले एक अण्णा म्हणाले, "पिऊन पडला असतास तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. देवाला हात जोडताना पडलास, आता काय सांगायचं रं?" सगळे हसले. मीही हसलो, पण नजर चादरीखालच्या पायाकडंच होती.

पायाला प्लास्टिकचा एएफओ दिला होता. पाऊल लोंबू नये म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत धरून ठेवणारा तो साचा असतो. तो काढला की मी अंगठ्याकडं बघत बसायचो. पुस्तक उघडं असायचं, पान तेच. जेवताना बघायचो. कुणी बोलत असलं तरी बघायचो. एकदा आई म्हणाली, "हलला बग!" मी ओरडलोच. पण ती पंख्यानं हललेली चादर होती. त्यानंतर आई नुसती बघायची.

फिजिओथेरपीला बेळगावला न्यायचं काम मामानं घेतलं. मामा आमच्याकडंच राहतो, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आहे. देवाधर्माच्या वाटेला तो फारसा जात नाही. म्हसोबाच्या वळणावर हात न काढणारा गावात तो एकटाच असेल. त्यावरून आईशी त्याचं रोज वाजायचं.

पहिल्या दिवशी त्याच्या मागं बसलो आणि वळण आलं तसा मी घाबरून उलट्या बाजूला कललो. गाडी डुचमळली. मामानं पुढं जाऊन बाजूला घेतली.

"गाडी तू वळवालास का मी?"

"भ्या वाटतंय मामा."

"मग डोळं मीट. पर अंग माझ्यासंगं सोड. मागचं पोतं कसं असतंय? गाडी वाकली की वाकतंय. तसं बस."

मी पोत्यासारखा बसलो. पण डोळे मिटले नाहीत. मागं बसून करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मामा वळण कसं घेतो ते बघत गेलो. आजवर मी गाडी चालवत होतो, पण वळण कसं घ्यायचं याचा विचार कधी केला नव्हता.

मामा वळणात शिरायच्या आधीच वेग कमी करतो. गियर तिथंच उतरवतो. आत गेल्यावर ब्रेकला हात लावत नाही. अ‍ॅक्सिलरेटर ओढतही नाही, सोडतही नाही. नजर पुढच्या चाकावर नसते, रस्ता जिथून बाहेर निघतो तिथं असते. वळण जसं उलगडत जातं तशी त्याची मानही वळत जाते. उजव्या वळणावर तो मधल्या पट्ट्याकडं झुकत नाही, कारण समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला तर मागची ट्रॉली आपल्या अंगावर येते. आणि डांबराच्या कडेची खडी तो लांबूनच हेरून ठेवतो. हे मी त्याला बोलून दाखवलं तर म्हणाला, "एवढं म्हाईत असतं तर मी क्लास काढला असता."

फिजिओथेरपीच्या मॅडम कानडी बोलणाऱ्या. दोन दांड्यांमध्ये धरून मला चालवायच्या. मी मान खाली घालून पावलाकडं बघत चालायचो. त्या हनुवटीला बोट लावून मान वर करायच्या. "केळगे नोडबेड, मुंदे नोडु." खाली बघू नको, पुढं बघ. मी पुन्हा खाली बघायचो. एकदा त्या वैतागून मराठीत म्हणाल्या, "पायाला काय वाचायला येतं काय, एवढं बघालास त्याच्याकडं?"

तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की डॉक्टर, मामा आणि मॅडम एकच गोष्ट सांगताहेत. मी मात्र जिथं भीती आहे तिथंच बघत होतो.

लगेच बदललो असं नाही. मन ठरत नाही. पण अंगठ्याकडं बघावंसं वाटलं की मी घराच्या कट्ट्यावर येऊन बसायला लागलो. पुढं आमचं रताळ्याचं शेत आहे. पीक बुटकं असल्यामुळं त्यावरून म्हसोबाचं वळण सरळ दिसतं. येणारीजाणारी माणसं बघत बसायचो. जवळजवळ प्रत्येकाचा उजवा हात छातीला जायचा. ओळखीचा कुणी घरी आला की मी सांगायचो, बाबा, वळण पार कर आणि मग थांबून हात जोड. काहींनी ऐकलं. काहीजण म्हणाले, आला मोठा शिकवणारा.

तिसरा महिना सरल्यावर डॉक्टरांनी ईएमजी करायला सांगितलं. यात बारीक सुई स्नायूत घालतात आणि नसेकडून विजेचा काही सिग्नल येतोय का ते यंत्रावर बघतात. सिग्नल असला तर पाऊल डोळ्यांना हललेलं दिसण्याच्या आधीच कळतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, काहीच नाही दिसलं तर ऑपरेशन करून नस उघडून बघावी लागेल, आणि त्यानंतरही खात्री नाही.

सुई दुखली. तपासणाऱ्यांनी काही सांगितलं नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. कामावरून सुटल्यावर मामा तो घेऊन डॉक्टरांना दाखवणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी कट्ट्यावरच होतो. मामाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. आई आतून तिसऱ्यांदा चहाला बोलावत होती. मी उठायचो, दाराला धरून उभा राहायचो, परत बसायचो. एवढ्या महिन्यांत ज्यांनी मला उचललं, धुतलं, नेलं, आणलं, ती माणसं एकेक करून डोळ्यांपुढं येत होती. वाटलं, पाय आला नाही तरी यांचं कर्ज पायावरच चालून फेडायचं आहे, साचा घालून का होईना. हे वाटलं आणि क्षणभर बरं वाटलं. मग पुन्हा फोन लावला.

तेवढ्यात वळणाच्या पलीकडं मामाची गाडी दिसली. त्यानं नेहमीसारखा आधीच वेग उतरवला. म्हसोबाकडं बघितलं नाही. वळण घेतलं, गाडी सरळ झाली, आणि पुढं येऊन थांबली. मामा उतरला. हेल्मेट काढलं. चालत मागं गेला, वडाखाली चपला काढल्या आणि दोन्ही हात जोडून उभा राहिला.

मामाला मी तिथं कधीच उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. माणूस देवापुढं चांगली-वाईट दोन्ही बातम्या घेऊन उभा राहतो. आई बाहेर आली, तिनंही बघितलं, आणि माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

मामा दारात आला. गाडी स्टँडवर लावली.

"किती फोन करालास रं? गाडीवर असताना उचलत न्हाय, म्हाईत न्हाय व्हय?"

"काय म्हनाले?" आईनं विचारलं.

"सांगतो. आधी ह्येचा अर्धा राहिलेला नमस्कार पुरा करून आलो, तुझा रोजचा घोर नको म्हनून आक्का." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. "डॉक्टर म्हनाले, नस तुटलेली न्हाय. सिग्नल आलाय. बारीक हाय, पर आलाय. ऑपरेशन लागत न्हाय."