बाबांच्या हातचं

पहिला घास ते स्वतः घ्यायचे, डोळे मिटायचे आणि आमच्या ताटांकडे न पाहता म्हणायचे, "जमलं." बाबांच्या हातचं कधीच काही जमलं नाही.

स्वयंपाक न येणं हा गुन्हा नव्हे. पण ज्या माणसानं पंधरा वर्षं आईच्या हातच्या जेवणाला नाक मुरडलं, त्याला मी सूट का द्यावी? भाजी तिखट, पोळी जाड, वरण पांचट. एक घास खाऊन ताट सरकवायचे आणि एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकुनी करायला निघून जायचे. ते ताट आई स्वतःपुढे ओढायची. असे नवरे तुम्हीही पाहिले असतील.

मग आईची बदली झाली. ती नर्स होती. दोन वर्षं दूरच्या खेड्यात, घरी फक्त रविवारी. मी आणि धाकटी बहीण बाबांच्या तावडीत सापडलो.

"स्वयंपाकात का आहे वं? बायका उगाच बाऊ करतेत," बाबा म्हणाले.

भेंडी चिरून झाल्यावर त्यांनी ती धुतली, मग वरून पाणी ओतून शिजवली. पातेल्यात जे झालं ते पळीवरून खाली उतरेना. "रस्सा दाट झाला थोडा," एवढंच त्यांचं म्हणणं.

गोळाभातातले डाळीच्या पिठाचे गोळे इतके टणक की बहिणीनं एक खलबत्त्यात घालून फोडला. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "भाऊजी, काय कुटून राहिले जी?" बाबांनी शांतपणे सांगितलं, "मसाला."

एका रविवारी त्यांनी मुद्दाम आईसाठी भरली वांगी केली. दोन बस बदलून ती आली, हातपाय धुऊन ताटावर बसली. बाबा समोर उकिडवे. "सांग, कशी झाली."

आईनं एक घास खाल्ला आणि दोन बोटांनी ताट सरकवलं. "वांगं कच्चं आहे," म्हणाली आणि उठली.

दहावी पास झाल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता. बाबांनी ते ताट स्वतःपुढे ओढलं आणि कच्च्या वांग्यांसकट सगळं संपवलं. त्यानंतर आईच्या जेवणाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. चांगलंही कधी म्हटलं नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्यात नव्हताच.

मागच्या वर्षी ते दवाखान्यात होते. मी चमच्यानं पेज भरवत होते. मधेच म्हणाले, "तुझी आई चांगलं रांधते."

"हो."

"मंग मी काहून बोलत होतो तिले?"

"मले का माहीत," मी म्हटलं. आई बाहेर बाकावर बसली होती, दहा पावलांवर. इतक्या वर्षांनी सुचलं, तेही माझ्याजवळ, या विचारानं मला चीडच आली. मी पेज भरवत राहिले. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

तेरवी झाल्यावर आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"मी तं बाहेरच होती," ती म्हणाली. "मले आवाज काहून नाही दिला?"

मी तिच्यासमोरची अर्धी जुडी ओढून घेतली आणि खाली मान घालून निवडत बसले.